जातानाचा आवाज

१

डॉक्टर चिमाजी वाळुंज यांचं काम सांगायला सोपं होतं, पण ऐकणाऱ्याला पटायचं नाही. जे विमान अजून बनलेलंच नाही, ते उडताना केवढा आवाज करील, हे ते आधी सांगत.

चाकणला एक नवी कंपनी विजेवर उडणारं छोटं विमान करू पाहत होती. करू पाहत होती म्हणजे संगणकात. प्रत्यक्षात त्याचा एक प्रॉपेलर तेवढा घडून आला होता आणि तो मागच्या शेडमध्ये एका लोखंडी खांबावर बसवलेला होता. बाकीचे पाच, आणि ते ज्याला जोडायचे ते विमान, सगळं अजून व्हायचं होतं. पण ते उद्या मोशी, चऱ्होली, आळंदीच्या इमारतींवरून उडणार, तर खालच्या माणसांची झोप उडेल का, हे आधी कळायला हवं होतं. म्हणून कॉलेजातून निवृत्त झालेल्या चिमाजींना बोलावून आणलं होतं. पात्यांचा आकार, फिरण्याचा वेग, विमानाची वाट, एवढं संगणकाला द्यायचं. मग शेवटी त्याला सांगायचं, की ऐकणारा कुठे आहे.

या ऐकणाऱ्याला ते ‘श्रोता’ म्हणत. गणितातल्या श्रोत्याला अंग नसतं, कान नसतात. तो नुसता एक बिंदू. तो हलत नाही, कंटाळत नाही, उठून खिडकी लावत नाही. चिमाजींनी शिकवायला लागल्यापासून स्वतःचा एक नियम केला होता आणि कंपनीतल्या पोरांनाही तो लावला होता. ते म्हणत, “रिकाम्या बिंदूला आवाज ऐकवू नका रे. तिथं ओळखीचं माणूस बसवा. नाव लिहा. मग आकडा कमी-जास्त झाला की तुमच्या पोटात हलेल.”

या कामात त्यांनी चऱ्होलीतल्या आपल्याच फ्लॅटची गॅलरी धरली होती. गॅलरीत त्यांच्या बायकोची, जयमालाबाईंची, वेताची खुर्ची असे. आधी चिमाजींनी बायकोचं नाव लिहिलं, मग ते बरं वाटेना, म्हणून खोडून स्वतःचं लिहिलं.

हे त्यांचं शेवटचं काम. खंडेनवमीला दुपारी घर बंद करून दोघांनी साताऱ्याला लेकीकडे, नेहाकडे, कायमचं राहायला जायचं ठरलं होतं. जयमालाबाईंनी भांडीसुद्धा वाटून टाकली होती. त्या घाईत चिमाजींनी एक गोष्ट केली. विमान दुरून येतं, डोक्यावर येतं आणि निघून जातं, असं पूर्ण गणित करायला संगणकाला फार वेळ लागत होता. त्यांनी ते डोक्यावर येईपर्यंतच केलं आणि तिथे तोडलं. जातानाचा आवाज कुणाला खुपतो? आलेखाची उजवी बाजू डावी बाजू उलटवून काढता येते. कुठल्या विद्यार्थ्यानं हेच केलं असतं, तर त्यांनी त्याला पुन्हा करायला लावलं असतं. हे त्यांना माहीत होतं, आणि तरी त्यांनी केलं.

२

आवाज त्यांना पहिल्यांदा ऐकू आला तो सकाळी दाढी करताना.

बारीक, दूरचा, भुंग्यासारखा. चऱ्होलीत नव्या इमारतींची कामं सदा चालू असतात. त्यांना वाटलं, खडी फोडणारं यंत्र असेल. मग वाटलं, कुणाच्या लग्नाचं शूटिंग करणारा ड्रोन असेल. त्यांनी बाथरूमची खिडकी लावली. आवाज तसाच. बाहेर हॉलमध्ये आले. तसाच. जिन्यात गेले, लिफ्टमध्ये बसून खाली आले, पार्किंगमध्ये उभे राहिले. तेवढाच.

हे काही बरोबर नव्हतं. आवाज म्हटला की तो भिंतीमागे गेल्यावर बसतो, कोपऱ्यावर वळल्यावर फिरतो. प्रॉपेलरचा तर विशेषच. पात्यांच्या रेषेत उभं राहिलं की एक ऐकू येतं, समोर उभं राहिलं की दुसरं. माणूस दोन पावलं सरकला तरी त्यात फरक पडतो. या आवाजाला चिमाजी कुठे आहेत याच्याशी देणंघेणंच नव्हतं.

“अहो, फेस वाळला तोंडावरचा,” जयमालाबाई म्हणाल्या. “असे खाली गेला होतात? तोंडाला साबण लावून?”

“तुला काही ऐकू येतंय का गं?”

“येतंय ना. तानुबाई केव्हाची बेल वाजवतेय, तुम्ही दार उघडायचं सोडून लिफ्टमध्ये फिरताय.”

तानुबाई चऱ्होलीच्या जुन्या घराण्यातल्या. त्यांच्या शेतावर आता याच इमारती उभ्या होत्या आणि त्या हौसेनं चार घरी भांडी घासत. त्या आत येत म्हणाल्या, “सायेब, आमच्या मालकास्नीबी असंच हुतं. कानात तेल सोडा कोमट.”

चिमाजींनी तेल सोडलं. कापूस घातला. आवाजावर काडीचा परिणाम झाला नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, की कानाच्या आत होणारा आवाज असाच असतो. म्हातारपणात होतो. त्यांना एकदम हायसं वाटलं, आणि लगेच भीती वाटली. त्यांचे थोरले भाऊ शेवटची दोन वर्षं बसल्या जागी भजनं ऐकत असत. घरात कोणी गात नसे.

जयमालाबाईंना त्यांनी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्यांचा पहिला फोन नेहाला गेला असता.

३

कानाच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, की वयाच्या मानानं कान उत्तम आहेत.

त्या दिवशी कंपनीत बसून चिमाजींनी हेडफोन लावले आणि गणितातून निघालेला आवाज पुन्हा लावला. संगणक आकड्यांचा आवाजही करून दाखवतो. सहा प्रॉपेलर, प्रत्येकाचा वेग किंचित वेगळा, म्हणून सगळे मिळून एक जडशी लय धरतात. चढते, उतरते, चढते. कुणीतरी झोपेत घोरावं तशी. त्यांनी हेडफोन काढले.

लय चालूच होती.

ते कितीतरी वेळ हेडफोन हातात धरून बसले. मनाची समजूत घालायला त्यांच्याकडे कारणं होती. महिनाभर हेच ऐकतोय, डोक्यात बसलं असेल. गाणं नाही का बसत? पण डोक्यात बसलेलं गाणं जिथं हवं तिथून सुरू होतं. हे फक्त पुढे जात होतं. आणि ते वाढत होतं. गणितातलं विमान काही मिनिटांत गॅलरीवर पोचतं, हे मात्र दिवसच्या दिवस घेत होतं. ज्याला कुठं जायचंच नाही, त्याला घाई कशाला असेल, असं त्यांच्या मनात आलं आणि हा विचार आपल्याला का सुचला, ते त्यांना कळेना.

विजयश्रीनं टेबलाशी येऊन विचारलं, “सर, बरं नाही का?” ती या कामावरची मुख्य इंजिनिअर, लातूरकडची, तिशीतली. चिमाजींवर तिचा जीव होता आणि ती त्यांना धाकातही ठेवी. “चहा सांगू? का घरी सोडू?”

“विजयश्री, आपला प्रॉपेलर आज चालवला का कुणी?”

“नाही सर. मोटर उघडून ठेवलीय. खंडेनवमीसाठी पुसून-बिसून तयार करायलेत सरदारभाई.”

“मग काही नाही,” चिमाजी म्हणाले. “काही नाही.”

ते आळंदीला जाऊन आले. तिथं घाटावर पोरांचे मृदंग वाजत होते, रिक्षावाले ओरडत होते. त्या सगळ्याच्या वर नाही, खाली नाही, बाजूला, तो आवाज आपला येत होता. ज्या बाजूनं तो गॅलरीत आला असता, त्याच बाजूनं. ते वळले तरी आवाज त्यांच्याबरोबर वळत नसे. तो चऱ्होलीत राहिला होता. फक्त त्यांना ऐकू येत होता.

४

खंडेनवमीला सकाळी कंपनीत पूजा होती. सगळी यंत्रं धुऊन पुसून बंद केली होती. लेथला झेंडूचे हार, ड्रिलला हार, मोठ्या संगणकाच्या कपाटालाही हार आणि वर कुंकवाची बोटं. सरदारभाई शॉप फ्लोअरचे जुने मुकादम. मार्केट यार्डातून पहाटे फुलं आणण्याचं काम दरवर्षी त्यांचंच, आणि त्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला त्यांना चालत नसे.

“डॉक्टरसाहेब, पेढा घ्या. आज निघणार ना गाव सोडून? भाभींना सलाम सांगा.”

चिमाजींनी पेढा घेतला आणि खिशात टाकला. त्यांना खाववेना. आवाज आता इतका जवळ होता, की सरदारभाईंचे ओठ पाहून बोलणं जुळवावं लागत होतं.

त्यांनी विजयश्रीला शेडमधली मूक खोली उघडायला लावली. या खोलीच्या सहाही बाजूंना फोमचे टोकदार दात बसवलेले होते. जमिनीवर ताणलेल्या तारांची जाळी, आणि जाळीखालीही दात. आवाज कुठेही आपटून परत येत नाही. आत टाळी वाजवली तर ती हातातच मरते. मधोमध खांबावर तो एकटा प्रॉपेलर, त्याला झेंडूचा जाड हार.

“सर, पाच मिनिटं हां. मी बाहेरच आहे.”

दार लागलं. चिमाजींना अजून एक आशा होती. आवाज कानातला असेल, तर या खोलीत तो वाढेल, कारण झाकायला दुसरं काहीच नाही. बाहेरचा असेल, तर बंद होईल. दोन्हीपैकी काहीही झालं तरी ते साताऱ्याला निवांत जाणार होते. एक तर औषध, नाहीतर सुटका.

दोन्हीही झालं नाही. तो होता तेवढाच राहिला.

ते जाळीवरून चालत प्रॉपेलरला फेरी घालून आले. भिंतीच्या दातांत तोंड खुपसून उभे राहिले. तेवढाच. मग त्या मेलेल्या शांततेत, आवाजाच्या मागे, त्यांना आणखी काही ऐकू यायला लागलं. आधी बांगड्या. मग ओला कपडा झटकल्याचा फटका. मग अगदी शेजारून, हात लांब केला तर लागेल इतक्या शेजारून, तानुबाई म्हणाल्या, “ताई, ह्यो पंचा सायबांचा न्ह्यायचा का हितंच ऱ्हाऊ द्यायचा?”

“राहू दे,” जयमालाबाई म्हणाल्या.

चिमाजींनी कानांवर हात दाबले. कान हाताला लागले, गरम होते, जागच्या जागी होते. पण ऐकत होते ते चऱ्होलीत.

५

“संगणक चालू कर,” ते बाहेर येऊन म्हणाले. “आत्ता. पुढचा भाग लावायचा आहे. जातानाचा.”

“सर, कपाटाला पूजा झाली. आज बंदच राहतं ना सगळं.”

“विजयश्री, मी ते मधेच तोडलंय. विमान डोक्यावर येतं आणि तिथं गणित संपतं. पुढे काय होतं ते मी लिहिलंच नाही.”

“पण ते तर अहवालाच्या पुरवणीत टाकू म्हणालो होतो आपण,” ती गोंधळून म्हणाली. “परवा सकाळी सगळ्यात आधी हेच लावते, आईची शपथ.”

“परवा फार उशीर होईल.”

सरदारभाई मधे आले. त्यांचा आवाज मऊ होता, पण कपाटाच्या पुढे ते आडवे उभे राहिले. “साहेब, वर्षातून एक दिवस. तुम्ही तरी असं करू नका. हार घातलेलं यंत्र चालवून मागे एका शेडमध्ये पोराचा हात गेला. मी असताना नाही चालू करणार कुणी.”

चिमाजींनी दोघांकडे पाहिलं. आपण म्हातारे आहोत, आपला शर्ट घामानं भिजला आहे आणि आपण ओरडतो आहोत, हे त्यांना त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं. आणखी एक वाक्य बोललं, की ही मुलगी नेहाला फोन करणार. ते खुर्चीवर बसले.

“बरं. मग श्रोता तरी काढू दे. ते नुसतं टायपिंग आहे. तुझ्या लॅपटॉपवर होईल.”

लॅपटॉपलाही कुंकू लागलेलं होतं, पण मघापासून विजयश्री त्यावरच बसचं तिकीट बघत होती, त्यामुळे तिला नाही म्हणता येईना. तिनं फाइल उघडून दिली. श्रोत्याच्या रकान्यात ‘चिमाजी’ होतं आणि पुढे जागेचे आकडे. चिमाजींनी आधी पूर्ण ओळच काढली. लाल अक्षरं आली. श्रोत्याशिवाय गणित उभंच राहत नाही, हे त्यांनीच पोरांना शिकवलं होतं. त्यांनी ओळ परत आणली. जागा बदलायची तर कुठली द्यायची? नकाशावर त्यांनी जिथं जिथं बोट ठेवलं, तिथं तिथं कुणी ना कुणी राहत होतं. इंद्रायणीचं पात्र धरलं तर काठावर धुणं धुणाऱ्या बाया. शेवटी त्यांनी जागेला हात लावला नाही. नुसतं नाव खोडलं. रकाना रिकामा ठेवला.

आवाज बंद झाला.

असा बंद झाला, की त्यांना खुर्चीतून पडल्यासारखं झालं. शॉप फ्लोअरवर कुणीतरी हसत होतं. उदबत्तीचा वास येत होता. ट्रकचा हॉर्न रस्त्याकडून येत होता, आणि रस्त्याकडूनच येत होता.

“सर, रडताय का?”

“नाही गं,” ते म्हणाले. “निघतो. जयमाला वाट बघत असेल.”

६

ते घरी पोचले, तेव्हा बॅगा दाराशी होत्या. तानुबाई ओटी भरून घेऊन निघून गेल्या होत्या. साताऱ्याची गाडी खाली उभी होती. घर रिकामं होतं आणि त्या रिकाम्या घरात आपलं पाऊल कसं छान घुमतंय, हे ऐकत चिमाजी गॅलरीपर्यंत गेले.

जयमालाबाई वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. मान जराशी वाकडी करून.

“अहो, हे कसलं हो?” त्यांनी विचारलं. “मघापासून येतंय.”

“काय येतंय?”

“मशीनसारखं काहीतरी. घोरल्यासारखं. तुम्हाला नाही येत?”

चिमाजी त्यांच्या शेजारी उभे राहून ऐकत राहिले. त्यांनी जन्मभर एवढ्या आटापिट्यानं काही ऐकलं नव्हतं. त्यांना खालच्या पोरांचा क्रिकेटचा दंगा ऐकू आला.

“ऊठ,” ते म्हणाले. “आधी ऊठ तिथून.”

“अहो, हात किती जोरात धरताय! उठतेय ना.”

त्या उठल्या. दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली शेजारी दिली. लिफ्टमध्ये चिमाजींनी विचारलं, “गेला?” जयमालाबाईंनी नाही अशी मान हलवली. तेवढाच आहे, म्हणाल्या. गाडीत बसल्यावर काचा लावल्या, तेव्हाही तेवढाच. रकान्यात आपलं नाव परत लिहायला सांगावं म्हणून चिमाजींनी विजयश्रीला फोन लावला. ती लातूरच्या बसमध्ये असणार. लागला नाही. पुन्हा लावला. लागला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बायपासला जशी गर्दी व्हायची तशीच झाली होती. वाकडच्या पुढे गाड्या उभ्याच राहिल्या. पुढे ट्रक, मागे बस, दोन्ही बाजूंना गाड्या, दार उघडायलाही जागा नाही. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. “आता काका, झोप काढा तासभर,” तो म्हणाला. “सगळं पॅक झालंय.”

“हे कुठवर येणार आहे हो?” जयमालाबाईंनी विचारलं. त्या घाबरलेल्या नव्हत्या. त्यांना नुसतं जाणून घ्यायचं होतं. “तुम्हाला माहीत आहे ना? तुमच्या चेहऱ्यावरून कळतंय मला.”

चिमाजींना सांगायचं होतं, की आवाज पोचायला वेळ लागतो. आपल्याला ऐकू येतो, तेव्हा विमान त्या जागी नसतं, त्याहून जवळ आलेलं असतं. हे त्यांनी पहिल्या तासाला शेकडो पोरांना सांगितलं होतं. आता त्यांनी बायकोचा हात हातात घेतला.

“आपल्या गॅलरीत कुणी आलंय का?” त्या जरा वेळानं म्हणाल्या. “खुर्ची करकरली.”

“कुलूप लावलंय आपण.”

“हो ना.” मग त्या म्हणाल्या, “वारा सुटलाय तिथं. पत्रा वाजतोय.”

ऊन समोरून येत होतं, पिवळं आणि स्थिर. पुढच्या ट्रकवरची ताडपत्री हलत नव्हती. आणि त्या स्थिर उन्हात जयमालाबाईंच्या कपाळावरून एक सावली सरकली. रुंद पट्टीसारखी. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी. कपाळ, डोळे, हनुवटी, आणि पुन्हा कपाळ. चिमाजींच्या हातावर ऊन होतं. सीटवर ऊन होतं. त्यांनी काचेला गाल टेकवून वर पाहिलं. आभाळ कोरं होतं. त्यांनी पुन्हा बायकोकडे पाहिलं. पट्ट्या आता एकमेकींत मिसळत चालल्या होत्या आणि त्यांच्या गालाचा रंग राखाडी झाला होता. कानामागच्या बटा वर उचलल्या गेल्या होत्या आणि तशाच राहिल्या होत्या.

“ड्रायव्हर, गाडी काढा,” चिमाजी म्हणाले. “कशीही काढा.”

“कुठनं काढू काका? उडवू का?”

जयमालाबाईंनी त्यांचा हात दाबला. गप्प राहायला सांगावं तसा. मान मागे टाकून त्या गाडीच्या छताकडे पाहत होत्या.

“आला,” त्या म्हणाल्या. “अगदी डोक्यावर आला.”

“आता जायला लागला का?” चिमाजींनी विचारलं. “जयमाला? अगं, जायला लागला का?”

त्या ऐकत होत्या.